राजेहो, विप्रो तर तेलाची गिरणी निघाली!

ज्या विप्रोत पोराला नोकरी लागली की आमच्या अकोल्यात गल्लीभर पेढे वाटतात, ती विप्रो म्हणजे मुळात अमळनेरची तेलाची कंपनी! बंगळुरूची नाही, अमेरिकेची तर नाहीच नाही. भुसावळ-जळगाव ओलांडलं की तासाभरात येतं ते अमळनेर. तिथे शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनायचं, डब्यात भरायचं आणि किराणा दुकानात जायचं. आपण सरसकट ज्याला डालडा म्हणतो, त्या जातीचं. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय. ऐकणारा आधी हसतो. मग मी म्हणतो, "काहून हासतं बावा? खरंच सांगून रायलो." आणि तिथून पुढे त्याची सुटका नसते.

तर ऐका. मोहम्मद हाशम प्रेमजी हे मुंबईचे धान्याचे मोठे व्यापारी. ब्रह्मदेशातल्या तांदळाच्या व्यापारात त्यांचं नाव होतं. २९ डिसेंबर १९४५ या दिवशी त्यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' या कंपनीची नोंदणी केली आणि कारखाना काढला अमळनेरला. मुंबई सोडून अमळनेर का? नकाशा काढा म्हणजे कळेल. खानदेशात भुईमूग आणि कापूस, गावातून सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग जातो, म्हणजे माल यायला आणि डबे जायला गाडी दारात. प्रताप मिल तिथे आधीपासून होती, त्यामुळे गावाला भोंगा आणि पाळी नवी नव्हती. कंपनीच्या तुपाचं नाव 'सनफ्लॉवर'. जोडीला धुण्याचा साबण, त्याचं नाव '७८७'. फाळणीच्या वेळी जिना यांनी प्रेमजींना पाकिस्तानात यायचं आमंत्रण दिलं आणि त्यांनी ते नाकारलं, असं सांगतात. कारखाना अमळनेरातच राहिला.

तुपासोबत साबण कसा काय? हा प्रश्न मला सुचला आणि मी थेट एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका ऑइल मिलवाल्या काकांकडे गेलो. सरकीचा धंदा, बापापासून चालत आलेला. त्यांनी मला कोपऱ्यातल्या टाकीजवळ नेलं. सरकीचं कच्चं तेल तुम्ही पाहिलंय? काळपट लाल, जवळपास इंजिन ऑइलसारखं. ते कोणी भाजीला वापरू शकत नाही. त्यात कॉस्टिक सोडा घालून ते धुतात. रंग आणि आम्लं खाली बसतात, वर पिवळंधमक तेल येतं. बाजारात त्यालाच वॉश म्हणतात. आणि तळाला जो चिकट गाळ उरतो, तो साबणवाले घेऊन जातात. काका म्हणाले, "तेलवाल्याच्या घरी काही फेकत नाहीत बापू. फेकलं की नफा गेला."

झालं! माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. '७८७' साबण ही काही वेगळी कल्पना नव्हती, ती तेलाच्या धंद्याची काटकसर होती. आज जे संतूर आपल्या न्हाणीघरात आहे, हळद आणि चंदनवालं, १९८० च्या दशकात आलेलं, ते त्याच काटकसरीचं नातवंड. आणि संतूर विप्रोचं आहे हे तरी किती जणांना ठाऊक असतं? वडी हातात घ्या, उलटी करा, बारीक अक्षरं वाचा.

वनस्पतीची तर आणखी एक गंमत. तेलात निकेलचा बारीक चुरा घालून, दाबाखाली हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल घट्ट होतं, रवाळ तुपासारखं दिसायला लागतं. मग ते साजूक तुपात मिसळून विकणारे महाभाग निघाले. त्यावर सरकारने काय युक्ती केली? प्रत्येक वनस्पतीत थोडं तिळाचं तेल घालायची सक्ती. तिळाच्या तेलाला एका ठरावीक रसायनाने गुलाबी-लाल रंग येतो. साजूक तुपाचा नमुना परीक्षानळीत घाला, रंग आला की चोरी उघडी. म्हणजे या धंद्यात पहिल्यापासून दोनच गोष्टी चालायच्या: पैशापैशाचा हिशेब आणि भेसळ करशील तर पकडला जाशील ही धास्ती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येतो तो भाग, जो वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

१९६६ चा ऑगस्ट. प्रेमजींचा धाकटा मुलगा अझीम, वय २१, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकतोय. घरून निरोप येतो: वडील गेले. पदवी अर्धवट टाकून पोरगा परत येतो. ती पदवी पुढे कित्येक वर्षांनी, कंपनी जगभर पसरल्यावर त्याने पुरी केली, तो भाग वेगळा. आई गुलबानू स्वतः डॉक्टर, मुंबईत मुलांच्या अस्थिरोगांचं रुग्णालय उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. घरात तेलाचा धंदा कळणारा माणूस गेला, आणि खुर्चीत बसलं एकवीस वर्षांचं पोर, ज्याने भुईमुगाच्या पोत्याला कधी हात लावलेला नव्हता.

पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उठला आणि त्याने सगळ्यांसमोर सुनावलं: तुला हे जमायचं नाही, शेअर विकून टाक, जाणत्या माणसाच्या हाती कंपनी दे. हा प्रसंग अझीम प्रेमजींनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक तर पोरगा चिडतो, नाही तर काका-मामा कारभार ताब्यात घेतात, नाही तर गिरणी पडते आणि तिथे मंगल कार्यालय होतं. इथे तिन्हींपैकी काहीच झालं नाही. पोराने पुस्तकं उघडली, मुंबईहून अमळनेरच्या गाड्या पकडल्या आणि धंदा पहिल्या पायरीपासून शिकायला घेतला.

माल कसा घ्यायचा, हा त्यातला पहिला धडा. मी काकांना विचारलं, तुम्ही सरकी कशी पारखता? त्यांनी पोत्यातून मूठभर काढली, एक बी दाताखाली धरली. कट असा आवाज आला. "वाळेल हाय." दुसऱ्या पोत्यातली चावली, आवाज आला नाही, दबली नुसती. "ओली. हिच्यात पाण्याचे पैसे द्या लागते." पन्नास वर्षांचा अनुभव त्या एका दातात. मी थक्क होऊन पाहत होतो. पण त्याच वेळी मनात आलं, काका नसले तर? दुसऱ्या खरेदीदाराचा दात वेगळं बोलला तर? आणि दात कोणी विकत घेतला तर?

अमळनेरातही माल असाच हातांनी आणि दातांनी पारखला जाई, आणि तरुण प्रेमजींनी त्याजागी मोजमाप आणलं, असं सांगतात. नमुना घ्या, ओलावा मोजा, तेल किती निघेल ते काढा, मग भाव बोला. ऐकायला किती साधं! पण हिशेब करून पाहा. शंभर किलो सरकीतून एक्सपेलरवर तेल निघतं दहा-बारा किलो. बाकी सारी ढेप, म्हणजे पेंड. तेलाचा उतारा किलोभराने चुकला तर अख्ख्या गाडीचा नफा धुऊन जातो. अशा धंद्यात जो अंदाज सोडून मोजायला लागला, तो जिंकला. मला वाटतं, विप्रो तिथेच जन्मली. संगणक नंतर आले. आकड्यावर विश्वास, आकडा सगळ्यांसाठी एकच, मालकासाठीही तोच, ही सवय आधी आली, आणि ती तेलाने लावली.

एवढं डोक्यात घेऊन घरी बसवेना. अमरावतीहून सुरतेला जाणारी गाडी बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव करत अमळनेरला थांबते. बसलो. मूर्तिजापूरचे दोन कापूसवाले बाकावर समोर. त्यांना सगळी कथा सांगितली. एक म्हणाला, "मंग आपल्याकडं काहून नाही झाली थी कंपनी?" बोचरा प्रश्न. तो खिशात घालून उतरलो.

अमळनेर हे गाव भारी आहे हो. बोरी नदीकाठचं, सखाराम महाराजांचं. प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञानाचं केंद्र काढलं, आणि २०२४ साली ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं. एका गावात तत्त्वज्ञान, साने गुरुजी आणि वनस्पती तूप! विप्रोचा कारखाना आजही गावात आहे. मी फाटकासमोर उभा राहून इतका वेळ पाहत राहिलो की पहारेकऱ्याने काय पाहिजे म्हणून विचारलं. काही नाही म्हटलं, अकोल्याहून आलो, पाहायला. तो हसला. त्याला सवय असावी.

चहाच्या टपरीवर मात्र खरी मजा. तिथे शेअरची गोष्ट निघाली. कंपनीने सुरुवातीच्या काळातच भाग विक्रीला काढले होते आणि गावातल्या लोकांनी ते घेतले होते. कोणी विश्वासाने, कोणी ओळखीपाळखीने, कोणी कोणाच्या तरी आग्रहाखातर. पुढे बोनसवर बोनस. शेजारच्या एका आजोबांनी मला विचारलं, "हिशेब येतो का?" आणि माझ्याच वहीत मांडून दाखवला. समजा १९९७ च्या बोनसआधी तुमच्याकडे १०० शेअर आहेत. त्या साली एकाला दोन बोनस: ३००. १९९९ साली दहाचा शेअर दोन रुपयांचा झाला, म्हणजे एकाचे पाच: १,५००. २००४ साली पुन्हा एकाला दोन: ४,५००. २००५ साली एकाला एक: ९,०००. आणि त्यानंतरही बोनस थांबले नाहीत. विकले नाहीत त्यांच्या घरी लक्ष्मी आली, विकले त्यांच्या घरी गोष्ट राहिली. तुमचे किती होते, असं मी आजोबांना विचारलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

मला काय भावलं सांगू? या गावात कंपनीचा प्रमुख हा पेपरातला फोटो नाही. त्याच्या धोरणाचा हिशेब चहावाल्याला तोंडपाठ आहे. आपल्याकडे किती कंपन्यांचं असं आहे?

आता उडी पाहा. १९७५ च्या सुमाराला हायड्रॉलिक सिलिंडर. तेलातून लोखंडात! १९७७ साली कंपनीच्या नावातलं 'व्हेजिटेबल' गेलं. त्याच सुमाराला दिल्लीतल्या जनता सरकारने परदेशी कंपन्यांना भारतीय भागीदार घ्यायला लावलं आणि आयबीएमने इथून गाशा गुंडाळला. देशात संगणक लागणार, पण विकणारा गेलेला. बहुतेक जणांना यात सरकारचा घोळ दिसला. वनस्पती विकणाऱ्या माणसाला त्यात रिकामं दुकान दिसलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विप्रोने स्वतःचे संगणक बनवायला घेतले. १९८२ साली नाव नुसतं विप्रो लिमिटेड झालं. १९८९ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकबरोबर वैद्यकीय यंत्रांची भागीदारी. पुढे सॉफ्टवेअर, आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी. अमळनेर ते न्यूयॉर्क! आणि या सगळ्यात साबणाचा धंदा सोडला नाही. २०१३ साली तो धंदा वेगळ्या कंपनीत काढला, पण विकला नाही.

माझा एक मित्र अमरावतीला कॉलेजात शिकवतो. त्याला हे सगळं फोनवर ऐकवलं तर म्हणतो, "भाऊ, बापाची कंपनी होती त्याच्यापाशी. आपल्यापाशी काय हाय?" बरोबर आहे. पैसा होता, मुंबई होती, स्टॅनफर्ड होतं. पण वारशात आलेली गिरणी बुडवणारे आपण दोघांनीही अमरावती-अकोल्यात मोप पाहिलेत. तो म्हणाला, चुका नाही केल्या का त्यानं? केल्या ना! २००८ साली एकाच कंपनीला दोन मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले, गिरीश परांजपे आणि सुरेश वासवानी. जानेवारी २०११ मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला. टीसीएस, इन्फोसिस पुढे निघून गेल्या. त्यानंतर वरची खुर्ची पुन्हा पुन्हा बदलत राहिली. संस्थापकाच्या घरचा माणूस डोक्यावर असताना बाहेरच्या कार्यकारी प्रमुखाला किती मोकळीक मिळते, हा प्रश्न विप्रोबद्दल नेहमी विचारला गेला आणि तो रास्त आहे. देव्हाऱ्यात बसवायला मी निघालेलोच नाही. मला त्या माणसातला तेलवाला आवडलाय.

कारण तेलवाला कुठे दिसतो पाहा. कर्नाटकात तुमकूरच्या कारखान्याला वीज हवी होती. लाच मागितली गेली. कंपनीने दिली नाही, जनरेटर लावले, महाग वीज स्वतः तयार केली आणि कारखाना चालवला. विप्रोच्या इतिहासात हा किस्सा नेहमी सांगतात. लाच स्वस्त पडली असती, हे मोजणाऱ्या माणसाला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण परीक्षानळीत रंग आला की आला, थोडा आला म्हणून सुटका नसते, हेही त्याच धंद्याने शिकवलं होतं. विमानात साध्या वर्गाने जाणं, साधी गाडी, रिकाम्या खोलीतले दिवे बंद करणं, याच्या गोष्टी तर तुम्ही ऐकल्याच असतील. मला पूर्वी वाटायचं, श्रीमंतांची ही हौस असते. काकांच्या मिलमध्ये जमिनीवर सांडलेली सरकी झाडूने गोळा करून पुन्हा पोत्यात भरताना पाहिलं आणि कळलं, ही हौस नाही, हे वळण आहे.

आणि जो पैसापैसा मोजतो, त्यानेच शेवटी किती सोडलं? २००१ साली अझीम प्रेमजी फाउंडेशन, सरकारी शाळांसाठी. २०१० साली बंगळुरूत विद्यापीठ. २०१३ साली आपल्या संपत्तीचा मोठा भाग दान करण्याचं जाहीर वचन देणारे ते पहिले भारतीय. मार्च २०१९ मध्ये विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरचं उत्पन्न दानात टाकलं, त्यांची किंमत ५२,७५० कोटी रुपये. आधीचं धरून एकूण १.४५ लाख कोटी! शून्यं मोजताना माझी बोटं दुखली. त्याच वर्षी जुलैअखेर, ५३ वर्षं कंपनी चालवून, खुर्ची मुलाकडे, रिशदकडे सोपवली. २०२० साली कोरोनात पुण्याच्या हिंजवडीतली विप्रोची इमारत राज्य सरकारला साडेचारशे खाटांच्या रुग्णालयासाठी दिली. तिथे दाखल झालेल्या किती जणांना माहीत असेल, ही वास्तू मुळात शेंगदाण्याच्या तेलावर उभी आहे?

आता मूर्तिजापूरच्या त्या कापूसवाल्याचा प्रश्न खिशातून काढतो. आपल्याकडे का नाही झाली? वऱ्हाडात माल नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे डोळे लावले होते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे कापसासाठीच धावली. एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला की तेहतीस-चौतीस किलो रुई आणि बाकी जवळपास सगळी सरकी. रुई बाहेर गेली, सरकी इथेच राहिली. आजसुद्धा देशाच्या वायदेबाजारात सरकी ढेपेचा व्यवहार ज्या शहराचा भाव धरून होतो, ते शहर अकोला आहे. आपलं अकोला! पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथेच, कपाशीच्या वाणांचं काम इथेच. माल आहे, भाव आहे, अक्कल आहे. आपण फक्त भावावर थांबतो. आज सरकी काय, ढेप काय, सोयाबीन काय. संध्याकाळी गप्पा तेवढ्याच. गाळाचा साबण आणि साबणाच्या पैशातून यंत्र, ही पुढची पायरी आपण बोलतच नाही.

म्हणून माझं म्हणणं आता पक्कं झालंय. नेतृत्व शिकायला पोरांना दूरच्या शिबिरांना पाठवायच्या आधी हंगामात चार दिवस ऑइल मिलमध्ये बसवा. ओलावा मोजू द्या, उतारा काढू द्या, किलोमागे पन्नास पैशांचा फरक कुठे गेला ते शोधू द्या. आधी दाताने पारखू द्या, मग यंत्राने, आणि दोन्हींत किती अंतर पडतं ते लिहून ठेवू द्या. माझ्या भाच्याला सांगूनही टाकलं. त्याला पुण्यात संगणकाच्या कोर्सला जायचंय, तो कुरकुरला. म्हटलं, जा ना, विप्रोतच लाग, पण विप्रो जिथून निघाली तो धंदा आधी पाहून जा. काकांना विचारलं तर ते लगेच तयार झाले. "येऊ द्या पोट्ट्याले," म्हणाले, "फक्त पगार मांगू नको म्हणा. माल चुकीचा घेतला त मीच कापून घेईन."